मेजर लीग न खेळता अव्वल: पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सची आठ वर्षे

मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या 'मेजर लीग बेसबॉल' या संस्थेने आपल्या अधिकृत नोंदी बदलल्या. कारकिर्दीतल्या सर्वोत्तम फलंदाजी सरासरीच्या यादीत कित्येक दशके टाय कॉब पहिला होता. त्याची सरासरी ०.३६७. आता त्याच्या वर जॉश गिब्सन हे नाव आले, सरासरी ०.३७२. बेसबॉल न पाहणाऱ्यांनाही या बातमीत एक गोष्ट खटकली असेल. गिब्सन १९४७ सालीच वारला आणि मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळलेला नाही. मग मेजर लीगच्याच यादीत तो पहिला कसा?

याचे उत्तर समजून घ्यायचे तर गिब्सन ज्या संघात मोठा झाला त्या संघाकडे जावे लागते. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा व्यावसायिक संघ. एक धडाडीचा मालक मिळाल्यापासून तो मालक बाजूला होईपर्यंतचा काळ मोजला तर जेमतेम आठ वर्षांचा. एवढ्या काळात तो देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक झाला, त्याने स्वतःचे स्टेडियम पाहिले, आणि नाहीसाही झाला. माझ्या मते त्याच्या अल्पायुष्याचे कारण मैदानावरच्या खेळात सापडत नाही. पैसा कुठून येत होता, मैदानाखालची जमीन कुणाच्या हाती होती आणि खेळाडूशी केलेल्या कराराला कायद्याच्या जगात काय किंमत होती, या तीन गोष्टींत ते आहे.

आधी सरासरीचा अर्थ

क्रिकेटची सरासरी म्हणजे दर बादमागे धावा. बेसबॉलमध्ये 'हिट' मोजतात. चेंडू टोलवून बॅटर सुखरूप पहिल्या किंवा पुढच्या बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या टप्प्यावर, पोहोचला की ती एक हिट. हिटची संख्या भागिले फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी, म्हणजे सरासरी. ०.३७२ याचा अर्थ हजार संधींत ३७२ हिट. ज्याला ०.३०० जमते तो उत्तम बॅटर समजला जातो. शिवाय गिब्सन कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी सबंध डाव उकिडवा बसणारा खेळाडू. या जागेवर गुडघ्यांचे इतके हाल होतात की सहसा कॅचरकडून मोठ्या फलंदाजीची अपेक्षाच ठेवत नाहीत.

वेगळे संघ का होते?

वर्णबंदीचा कुठलाही कायदा संसदेने केलेला नव्हता. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून त्या काळच्या एका प्रमुख लीगमध्ये खेळला होता. जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या संघमालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असे ठरवले. त्याच सुमारास शिकागोचा नामांकित खेळाडू कॅप अॅन्सन कृष्णवर्णीयांविरुद्ध मैदानात उतरायला नकार देत होता. काही वर्षांतच मोठ्या लीगमधली दारे पूर्ण बंद झाली. नियमपुस्तिकेत त्याची ओळही नव्हती, म्हणून न्यायालयात जायचे तरी कशाविरुद्ध, हाच प्रश्न होता. आपापसात ठरवून पाळलेली अशी बंदी मोडणे लेखी बंदीपेक्षा अवघड असते. ही बंदी साठएक वर्षे टिकली.

मग कृष्णवर्णीयांनी आपले संघ काढले. १९२० मध्ये रूब फॉस्टर या माजी पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, कॅन्सस सिटीत इतर संघमालकांना एकत्र आणून 'निग्रो नॅशनल लीग' स्थापन केली (नाव त्या काळचे, अधिकृत). ती दहा-अकरा वर्षे चालली आणि फॉस्टरचा मृत्यू व महामंदी या दोन आघातांनंतर १९३१ मध्ये संपली. क्रॉफर्ड्सचा उदय याच पडझडीत झाला.

पोरांचा संघ आणि मालक

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. दक्षिणेकडच्या राज्यांतून कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथल्या 'हिल डिस्ट्रिक्ट' या चढावरच्या वस्तीत दाटीवाटीने राहत. १९२० च्या दशकाच्या मध्यात या वस्तीतल्या मुलांनी एक संघ बांधला आणि जवळच्या क्रॉफर्ड स्नानगृहाचे नाव त्याला दिले. त्या काळी गरीब वस्त्यांतली सार्वजनिक स्नानगृहे ही मुलांच्या खेळाची आणि भेटीगाठीची ठिकाणेही असत. प्रेक्षकांत टोपी फिरवून जे जमेल त्यावर संघ चाले.

१९३०-३१ च्या सुमारास तो गस ग्रीनलीच्या हाती आला. ग्रीनली नॉर्थ कॅरोलायनाचा. तरुणपणी पिट्सबर्गला आला, पहिल्या महायुद्धात सैन्यात होता, परत येऊन टॅक्सी चालवली, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकली. पुढे वायली अॅव्हेन्यूवरचे त्याचे 'क्रॉफर्ड ग्रिल' हे जॅझ संगीतासाठी नावाजलेले ठिकाण झाले. त्याची खरी कमाई मात्र 'नंबर्स'ची होती.

नंबर्स म्हणजे काय, हे महाराष्ट्रात फार समजवावे लागत नाही. तो मटकाच. तीन आकडी संख्या निवडायची, त्यावर चार-दोन सेंट लावायचे, आणि संध्याकाळी वृत्तपत्रात छापून येणाऱ्या शेअर बाजाराच्या किंवा बँकांच्या उलाढालीच्या आकड्यांवरून निकाल ठरायचा. मुंबईचा आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवरच लागत असे. तीन आकड्यांत हजार शक्यता, पण जिंकणाऱ्याला देणे साधारण सहाशे पट. मधला फरक चालवणाऱ्याचा आणि त्याच्या माणसांचा.

५ ऑगस्ट १९३० ची एक गोष्ट हिल डिस्ट्रिक्टमध्ये पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. आठव्या महिन्याची पाच तारीख म्हणून असंख्य लोकांनी ८०५ हा आकडा लावला होता आणि नेमका तोच आला. कित्येक नंबर्सवाले गाव सोडून पळाले. ग्रीनली आणि त्याचा भागीदार वूगी हॅरिस यांनी होते नव्हते ते घालून देणी चुकती केली. त्या दिवसापासून वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन आले.

जुगाराच्या पैशावरचा संघ कसला?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो मी झटकून टाकणार नाही. नंबर्समध्ये घामाचे पैसे जात, पोलिसांना हप्ते जात. पण १९३१ मधल्या पिट्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय माणसाला क्रीडासंघ उभा करायला भांडवल कोण देणार होते? बँका त्याला सहसा दारात उभे करत नसत. मंदीमुळे वस्तीतले कायदेशीर धंदे बुडालेले. रोख पैसा ज्याच्याकडे होता तो नंबर्सवालाच. न्यूयॉर्क क्यूबन्सचा अॅलेक्स पोंपेझ, नेवार्क ईगल्सचा एब मॅन्ली, होमस्टेड ग्रेजमध्ये पुढे पैसा घालणारा रूफस जॅक्सन, सगळे याच धंद्यातले. ज्या लीगच्या आकड्यांना २०२४ मध्ये सन्मान मिळाला ती दुसरी निग्रो नॅशनल लीग १९३३ मध्ये ग्रीनलीच्याच पुढाकाराने उभी राहिली.

या पैशाचा खरा दोष वेगळा होता. तो आला तसा एका धाडीत जाऊ शकत होता, आणि बुडाला तर दाद मागायची सोय नव्हती.

स्वतःचे मैदान

ग्रीनलीने पहिल्यांदा शेजारच्या होमस्टेड ग्रेजकडे नजर वळवली. त्या संघाचा मालक कम पोझी स्वतः चांगला खेळाडू आणि चाणाक्ष संयोजक, पण मंदीत त्याचा हात आखडलेला. ग्रीनलीने जास्त पगार देऊन त्याचे मोहरे उचलले. पिट्सबर्गच्याच गल्लीत वाढलेला जॉश गिब्सन आला, ऑस्कर चार्ल्स्टन खेळाडू-व्यवस्थापक म्हणून आला, तिसऱ्या बेसवर ज्युडी जॉन्सन आला. पिचर सॅचेल पेज आधीच होता. १९३३ मध्ये कूल पापा बेल आला, ज्याच्या धावण्याच्या वेगाच्या दंतकथा अजून सांगतात. हे पाचही जण १९७१ ते १९७६ या काळात एकामागून एक हॉल ऑफ फेममध्ये गेले, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत. एकाच संघात एकाच वेळी असे पाच जण असणे ही असामान्य गोष्ट आहे.

खेळाडू होते, पण खेळायचे कुठे? शहरातले मोठे स्टेडियम फोर्ब्स फील्ड, गोऱ्या पिट्सबर्ग पायरेट्सचे. भाडे भरले की कृष्णवर्णीय संघांना ते मिळे, पण कपडे बदलण्याच्या खोल्या आणि न्हाणीघरे वापरायची परवानगी नसे. खेळाडूंनी दुसरीकडून कपडे बदलून यायचे आणि घामेजलेल्या अंगाने तसेच परत जायचे. ग्रीनलीने बेडफर्ड अॅव्हेन्यूवर स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले. खर्च सुमारे एक लाख डॉलर, तेही मंदीच्या ऐन तळात. १९३२ च्या वसंतात 'ग्रीनली फील्ड' सुरू झाले. विटांची भिंत, काही हजारांची बैठक, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी कपडे बदलण्याच्या स्वतःच्या खोल्या. त्या खोल्यांची किंमत लाख डॉलरमध्ये मोजता येणार नाही, असे मला वाटते.

४ जुलै १९३४ ला याच मैदानावर पेजने ग्रेजविरुद्ध एकही हिट न देता सामना जिंकला आणि १७ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे ते चेंडू मैदानात खेळवूच शकले नाहीत. त्याआधी १९३३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीनलीने शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर पूर्व विरुद्ध पश्चिम असा नामवंत खेळाडूंचा सामना सुरू केला होता. वृत्तपत्रांतून मते मागवून वाचक खेळाडू निवडत. पुढे हा सामना कृष्णवर्णीय अमेरिकेचा दरवर्षीचा सोहळाच झाला. दूरदूरून लोक रेल्वेने शिकागोला येत.

संघ स्वतःच्या बसमधून फिरे. बसच्या बाजूला ओळीने उभ्या असलेल्या क्रॉफर्ड्सचे छायाचित्र आज सगळीकडे छापले जाते आणि त्यातली ऐट बघण्यासारखी आहे. त्या बसची गरज का पडली हेही लक्षात ठेवायला हवे. वाटेवरची बहुतेक हॉटेले त्यांना खोली देत नसत, खाणावळी टेबल देत नसत. अनेकदा बसमध्येच झोप, बसमध्येच जेवण, आणि सकाळी दुसऱ्या गावात सामना. लीगचे सामने थोडे, स्थानिक संघांशी खेळलेले तिकिटाचे सामने पुष्कळ. पोट या दुसऱ्या प्रकारावर भरे.

१९३५ मध्ये क्रॉफर्ड्सनी न्यूयॉर्क क्यूबन्सना सात सामन्यांच्या मालिकेत हरवून विजेतेपद मिळवले. अनेक जण हे श्रेय पेजच्या नावावर जमा करतात, पण त्या वर्षी पगाराच्या भांडणातून पेज नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावच्या संघात गेला होता. त्या हंगामात पिचिंगचा मुख्य भार डावखुऱ्या लेरॉय मॅटलॉकने वाहिला. त्याचे नाव आज जवळजवळ कुणी घेत नाही.

इतका चांगला संघ मोडला कसा?

पहिला धक्का पैशाचा. ग्रीनलीने संघ, स्टेडियम, लीग आणि मुष्टियुद्ध एकाच वेळी अंगावर घेतले होते. जॉन हेन्री लुइस हा त्याचा मुष्टियोद्धा १९३५ मध्ये लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला, पण खर्च थांबत नव्हता. नंबर्सच्या धंद्यावर धाडी पडू लागल्या आणि रोकड आटली. १९३७ च्या मार्चमध्ये त्याने गिब्सन आणि जॉन्सन यांना ग्रेजकडे पाठवले. बदल्यात दोन खेळाडू आणि २,५०० डॉलर मिळाले. ज्याच्या आकड्यांनी आज टाय कॉबला मागे टाकले त्याचा हा सौदा.

दुसरा धक्का परदेशातून आला. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने राजधानीला स्वतःचे नाव दिले होते, आणि त्या नावाचा संघ १९३७ च्या स्पर्धेत हरणे त्याच्या माणसांना परवडणारे नव्हते. त्याचे दूत रोख पैसे घेऊन अमेरिकेत आले आणि त्यांनी पेजला गाठले. पेज गेला, पाठोपाठ बेल, मॅटलॉक आणि आणखी काही जण गेले. ग्रेजकडून गिब्सनही गेला. त्यांनी स्पर्धा जिंकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्रुहियोच्या सैनिकांनी सीमेलगत राहणाऱ्या हजारो हैतीवंशीयांची कत्तल केली. ज्याच्या हौसेसाठी ही खेळाडूभरती झाली तो माणूस असा होता.

खेळाडू कृतघ्न होते, असे तेव्हा काहींनी लिहिले. मला ते मान्य नाही. गोऱ्या लीगमध्ये करार झाला की खेळाडू मालकाला कायमचा बांधला जाई, आणि करार मोडून पळाला तर सगळ्या संघांची दारे बंद होत. कृष्णवर्णीय लीगकडे एवढी ताकद नव्हती. पण त्यामुळेच तिथल्या खेळाडूला एक मोकळीक होती, जो जास्त देईल तिकडे जाण्याची. देशात सर्वात मोठ्या बाजारपेठेचे दार रंगावरून बंद असताना ही एवढी मोकळीकही त्याने वापरू नये, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? खेळाडूचा हा निर्णय योग्य होता आणि त्यानेच संघ पोखरला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तिसरा धक्का जमिनीचा. ग्रीनली फील्ड सुरुवातीपासून तोट्यात राहिले. बसायच्या जागेवर छप्पर नव्हते, त्यामुळे उन्हातान्हात आणि पावसात प्रेक्षक कमी. मालकीत गोरे भागीदार होते, आणि मैदानावरच्या नोकऱ्या वस्तीतल्या लोकांना मिळत नाहीत अशी तक्रार स्थानिक कृष्णवर्णीय वृत्तपत्रातून जाहीरपणे झाली. सरकारी गृहयोजनेसाठी जागा हवी होती. डिसेंबर १९३८ मध्ये, उद्घाटनानंतर सातव्या वर्षीच, स्टेडियम पाडले. तिथे 'बेडफर्ड ड्वेलिंग्ज' ही वसाहत उभी राहिली. गरिबांना घरे मिळाली हे चांगलेच झाले, पण शहरात मैदाने दुसरीही होती आणि पाडले गेले ते हेच.

ग्रीनली बाजूला झाला. संघ १९३९ मध्ये टोलेडोला, १९४० मध्ये इंडियानापोलिसला गेला आणि तिथे संपला.

पण हे खेळाडू खरोखर तेवढे चांगले होते का?

२०२४ च्या बातमीखाली सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. प्रतिस्पर्धी कच्चे असतील तर सरासरी फुगणारच, असा त्यातला मुद्दा. याचे एक उत्तर हंगाम संपल्यावरच्या प्रदर्शनीय सामन्यांत आहे. तेव्हा गोरे आणि कृष्णवर्णीय संघ समोरासमोर येत. १९३४ मध्ये ३० सामने जिंकणारा गोरा पिचर डिझी डीन अशा सामन्यांत पेजसमोर खेळला आणि त्याने पेजची जाहीर स्तुती केली. दुसरे उत्तर १९४७ नंतरचे. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि वर्णबंदी तुटली. पुढच्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पेज क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये आला आणि त्याच हंगामात त्याचा संघ विश्वविजेता झाला. उतारवयातला पेज जर तिथे टिकला, तर पंचविशीतला कसा असेल याचा अंदाज करता येतो. गिब्सनला ती संधी मिळालीच नाही. २० जानेवारी १९४७ ला, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, तो ३५ व्या वर्षी गेला.

उलटा प्रश्नही विचारायला हवा. टाय कॉब किंवा बेब रूथ कधी पेजसमोर अधिकृत सामन्यात उभे राहिले नाहीत. त्यांचे आकडेही कृष्णवर्णीय खेळाडूंना बाहेर ठेवून झालेले आहेत.

छोट्या हंगामाचे काय?

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. गोऱ्या लीगचा हंगाम १५४ सामन्यांचा, कृष्णवर्णीय लीगचा पन्नास-साठ किंवा त्याहूनही कमी. कॉबच्या नावावर अकरा हजारांहून अधिक संधी आहेत, गिब्सनच्या अधिकृत नोंदीत दोन हजारांच्या थोड्या वर. संधी कमी असल्या की सरासरी वर-खाली जास्त होते, हे गणित आहे आणि त्याला वर्ण नाही. म्हणून गिब्सनची १९४३ ची ०.४६६ ही हंगामी सरासरी आता अव्वल असली, तरी ती लांब हंगामातल्या सरासरीशी जशीच्या तशी ताडून पाहू नये.

पण हंगाम छोटा का होता, हेही त्याच श्वासात सांगावे लागते. बाकीचे दिवस हे लोक आराम करत नव्हते. ते बसमधून गावोगाव जाऊन, कधी एका दिवसात दोन-तीन सामने खेळत होते, आणि ते सामने अधिकृत मोजणीत येत नाहीत. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर सगळ्या प्रकारच्या सामन्यांत मिळून जवळजवळ ८०० होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे सीमेपार टोले, असा उल्लेख आहे. मेजर लीगच्या हिशोबात त्याचे होमरन पावणेदोनशेच्या आसपास भरतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. पहिला आठवणींवर आणि विखुरलेल्या बातम्यांवर उभा आहे, दुसरा फक्त कागदी पुरावा असलेल्या लीग सामन्यांवर.

हे आकडे शोधले कुणी?

मेजर लीगकडे या नोंदी नव्हत्याच. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर यांसारख्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत छापलेले धावफलक हौशी अभ्यासकांनी अनेक वर्षे सूक्ष्मपटांवर वाचून एकेक करून जमवले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात कृष्णवर्णीय लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी आपल्या नोंदींत मिळवली. या काळातल्या लीग सामन्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सामन्यांचा तपशील हाती आल्याचा अंदाज आहे. उरलेले धावफलक सापडतील तशी गिब्सनची सरासरी एखाद-दुसऱ्या सहस्रांशाने वर किंवा खाली जाईल, आणि ती जावीच. ज्या छोट्या वृत्तपत्रांचे जुने अंक अजून वाचले गेलेले नाहीत, त्यांत मॅटलॉकसारख्या खेळाडूंचे कितीतरी सामने असण्याची शक्यता आहे.